बोरखेडीचा वीर

मौजे बोरखेडी, अमरावतीजवळ
पौष वद्य सप्तमी, सन १८६५

शेषराव यांस नत्थुजी माळ्याचा रामराम.

बहिणीच्या सासऱ्याने आपणहून पत्र घातले म्हणून घाबरून जाऊ नका. तुमची मैना खुशाल आहे. बातमी मानाची आहे, म्हणून वेळेवर कळवतो.

माझा भगवंत पलटणीबरोबर उत्तरेच्या मुलखात गेला आणि तिकडेच पडला, त्याला येत्या उन्हाळ्यात दोन वर्षे होतील. गावाने आता त्याचा वीर बसवायचे ठरवले आहे. दगड आला, पाथरवट आला, आमच्याच खळ्यावर छिन्नी चालू आहे. घोड्यावर बसलेला, हात वर, हातात तलवार, असा भगवंत दगडातून निघतो आहे. खर्चाची कोणालाच फिकीर नाही. तिकडे अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आणि तिच्यापायी आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना लोकांनी चांदी मढवली आहे. मीही वांगी-मिरच्या मोडून निम्म्या मळ्यात पऱ्हाटीच लावली. खुशालराव पाटील म्हणतात, "हे सारं वीरानंच देलं, नत्थुजी. तो गेला अन् गावाचं नशीब उघडलं."

पाडव्याला वीर बसेल. पहिले पाणी मैनाबाईने घालायचे आणि सगळ्या गावासमोर बेलभंडार उचलून शपथ घ्यायची, की जन्मभर मी वीराची बायको म्हणूनच राहीन. आतापासूनच बायका तिच्या पाया पडतात. एवढा मान आमच्या घराला कधी मिळाला नव्हता. मैना फार समाधानात आहे. माहेरची साडी घेऊन पाडव्याला जरूर यावे.

---

अकोला
माघ शुद्ध प्रतिपदा

नत्थुजी मामांस शेषरावाचा दंडवत.

पत्र वाचले आणि हातातले काम तसेच टाकून बसलो. इथे कापसाच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली आहे, मापारी ओरडत होते, मला काही ऐकू येईना.

मामा, भगवंतरावांचा मान व्हावा याला माझा नकार कसा असेल? ते माझे मेहुणे होते. पण मैनाची शपथ कशाला? आपण माळी. आपल्यात विधवेचा पाट लागतो, तुमच्या-आमच्या कैक घरांत लागला आहे. तुमची स्वतःची धाकटी बहीण गोदाबाई पाटानेच नांदते आहे ना? मैनाने अजून पंचविशीही पाहिली नाही. लेकरू नाही. आईबाप गेले, आता तिचे काय ते मीच पाहायचे.

मी तुम्हाला दिवाळीतच सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही. इथे मोर्णा नदीच्या काठी गोवर्धन म्हणून आपल्या जातीचा एक विधुर आहे. वांग्यांचा मळा आहे, माणूस सालस आहे. साऱ्या शिवाराने पऱ्हाटी लावली तरी हा वांगीच लावतो, म्हणून लोक त्याला हसतात. त्याच्याशी बोलणे झाले आहे. होळीनंतर पाट लावावा असा विचार होता.

बेलभंडार एकदा उचलला की मग देवही तिला सोडवू शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. दिवाळीला मी आलो तेव्हा ती माझ्यापुढे पान वाढून आत गेली, एक शब्द बोलली नाही. समाधानात असलेली माणसे अशी वागत नाहीत. तुमच्या पाया पडतो, वीर बसवा, पण माझ्या बहिणीला त्या दगडाला बांधू नका.

---

मौजे बोरखेडी
माघ शुद्ध दशमी

शेषराव,

तुमचे पत्र मी चुलीत घालणार होतो. मग वाटले, उत्तर दिले नाही तर तुम्ही गाडी जुंपून याल.

पाट! ज्याच्यापुढे गाव नारळ फोडणार, त्याची बायको मागच्या दाराने, अंधारात, तोंड झाकून दुसऱ्याच्या घरी जाणार? पाट लागलेल्या बाईचे तोंड दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत कोणी पाहत नाही, ठाऊक आहे ना? गोदाबाईचा नवरा तापाने गेला होता. माझा मुलगा छातीवर वार झेलून गेला. दोन्ही एका मापाने मोजता, तुम्हाला काही वाटत नाही?

त्याने जीव दिला. तिने एवढे द्यायचे नाही? मी काय दिले ते विचारा. एकुलता एक होता. त्याची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. मी मोट हाकताना त्याला पाठीशी बांधून वाढवले. एलिचपूरच्या छावणीत मी भाजी घालायला जायचो, तिथल्या मुनशीकडून मी चार अक्षरे शिकलो आणि त्याने कवायत पाहिली. मी अक्षरे घेऊन घरी आलो, तो पलटणीत गेला तो गेलाच. जाळायला देह नाही, राखही हाती आली नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आता हा दगड उभा राहील तोच माझा मुलगा. आणि मैना गेली तर त्या दगडाला आपले म्हणणारे कोण उरते?

मी मैनाला विचारले. ती म्हणते, मी इथेच राहीन. झाले समाधान? पुन्हा हा विषय काढू नका.

---

अकोला
माघ वद्य अष्टमी

नत्थुजी मामा,

विषय काढू नका म्हणालात. काढतो आहे, आणि असा काढतो आहे की तुम्ही मला जन्मभर माफ करणार नाही.

आमच्या बाजारात नवा पहारेकरी लागला आहे. चंद्रभान नाव. पलटणीतून सुटून आलेला. बोलता बोलता बोरखेडीचे नाव निघाले आणि त्याने विषय बदलला. फार खोदल्यावर बोलला.

मामा, लढाई झालीच नव्हती. पलटण वाटेत मुक्कामाला होती, तिथे पटकी शिरली. पाणी भरणारे भिस्ती पहिल्याच झपाट्यात गेले, उरलेले पळाले. आजाऱ्यांच्या तंबूंत माणसे पाणी पाणी करून ओरडत होती आणि कोणी जवळ जाईना. भगवंतरावांनी मेलेल्या भिस्त्याची चामड्याची मशक उचलून पाठीवर घेतली. ज्या त्या जातीच्या माणसाच्या तोंडात पाणी घातले. मग त्यांनाच पटकी झाली. चंद्रभान म्हणतो, "मी वाचलो तो त्याच्याच पान्यावर. त्याले शेवटी कोनी पाजलं का नाई, मले मालूम नाई. मी बेशुद्ध होतो."

आणि चंद्रभान हेही म्हणाला, की हे सगळे त्याने तुम्हाला घरी येऊन सांगितले होते. बाहेर गाव जमले होते. तुम्ही दार उघडून बाहेर गेलात आणि लोकांना सांगितलेत, छातीवर वार झेलला.

तेव्हा आता ऐका. पाडव्याच्या आत मैनाला माझ्याकडे पाठवा. नाही तर मी चंद्रभानला घेऊन येईन आणि ज्या चौथऱ्यावर वीर बसायचा त्याच चौथऱ्यावर त्याला उभा करीन. मला हे लिहिताना लाज वाटते. पण माझ्याजवळ दुसरे काही नाही.

---

मौजे बोरखेडी
फाल्गुन शुद्ध द्वितीया

शेषराव,

या. घेऊन या चंद्रभानला. मी दारात उभा राहून पाहीन.

तुम्हाला काय वाटते, मी गावाला फसवायला बाहेर गेलो होतो? आत चंद्रभान बोलत होता आणि माझ्या कानात नुसता आवाज भरला होता. दार उघडले तर पन्नास-साठ माणसे डोक्यावरची पागोटी काढून उभी. पाटील म्हणाले, "कसा गेला, नत्थुजी?" मी काय सांगायला हवे होते? वांती-जुलाबाने, परक्या मुलखात, स्वतःच्याच घाणीत? मशक पाठीवर घेऊन, ज्याच्या त्याच्या ओठांना हात लावून? तोंडून निघून गेले. माणसे रडली. मग मागे फिरता आले नाही. दर महिन्याला ते खोटे वाढत गेले. आता ते घोड्यावर बसले आहे.

खरे कळले तर गाव दगड विहिरीत टाकेल. मेलेल्याला जातीबाहेर काढतील, जिवंत असताना काढतात तसे. मी त्याला एकदा जाळला, तोही पानांचा. पुन्हा एकदा मारायला लावू नका.

शेषराव, मी म्हातारा माणूस तुमच्यापुढे पदर पसरतो. रात्रंदिवस मला एकच दिसते, तो पाणी मागतो आहे. निदान दगडाला तरी रोज कोणी पाणी घालावे, एवढेच मला हवे आहे. मैनाला चंद्रभानच्या गोष्टीतले काही ठाऊक नाही. तिला कळू देऊ नका. ती त्याला वीर समजून सुखात आहे, तेवढे तरी राहू द्या.

---

अकोला
फाल्गुन शुद्ध दशमी

मामा,

तुमचे पत्र चंद्रभानला वाचून दाखवले. तो उठून गेला. मी त्याला आणणार नाही. धमकी दिली ती मागे घेतो. मला तुमच्या मुलाची विटंबना करून बहीण सोडवायची नाही, आणि बहीण तशीच सोडून राहताही येत नाही. जेवण जात नाही. गोवर्धन येऊन विचारतो, "काही खबर?" मी त्याला काय सांगू?

एकच मागणे आहे. मैना समाधानात आहे, मैना सुखात आहे, असे तुम्ही दर पत्रात लिहिता. पण त्या ओळीत मला तिचा आवाज ऐकू येत नाही, तुमचाच येतो. तिला समोर बसवा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता लिहा. तुम्ही एकदा खोटे बोललात, पण तिच्या तोंडचे शब्द खोटे लिहिणारे तुम्ही नाही, म्हणून तुमच्याच हातावर सोडतो. ती म्हणाली, मी बेलभंडार उचलते, तर मी साडी आणि नारळ घेऊन पाडव्याला येईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही.

---

मौजे बोरखेडी
फाल्गुन वद्य एकादशी

शेषराव, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मैनाला बसवले आहे. ती दाराच्या आत आहे, मी ओसरीवर. सुनेने सासऱ्यासमोर बोलू नये, म्हणून मध्ये दार. ती बोलते ते लिहितो.

भाऊ, मी मैना. तू बरा हायेस ना? वहिनीचं पोट दुखत होतं ते थांबलं का?

मामाजी म्हनते, जे मनात हाय ते सांग. मी इतके दिवस कोनाले सांगू? तुले सांगाचं तर लिवनार मामाजी. मामाजीले सांगाचं तर मधात दार. आज बरं झालं. तुले सांगतो म्हनून दोघायलेही सांगून टाकतो.

भाऊ, मले इथं तरास नाई. कोनी मारत नाई, उपाशी ठेवत नाई. मामाजी तर सोता ताटात तूप वाढते. पन मले मळ्यात जाऊ देत नाई. वीराच्या बाईनं तण निंदाले जाऊ नये म्हनते. मी हसली तर बाया एकमेकीकडे पाहते. परवा दुर्गाबाई, माह्या मायपेक्षा म्हातारी, माह्या पायावर डोकं ठेवून रडली, म्हने, माह्या नातवाले वाचव. मी कशी वाचवू? तिचा नातू गेला. आता ते बाई माह्याकडे पाहत नाई. मले रात-दिस तेच दिसते. मानसाले पाया पडून पडून कसं मारते, ते मले समजलं हाय.

मी जित्ती हावो, भाऊ. मले मिरच्या तोडाच्या हाय. कोनाशी भांडाचं हाय.

अन् मामाजी, हे आता लिवा. थांबू नका. लिवा.

चंद्रभान आला होता तवा मी याच दाराच्या मांगं उभी होती. मी सारं ऐकलं. तुमी भाईर जाऊन वार झेलला म्हनलं, तेही ऐकलं. तवापासून मले मालूम हाय. मी गप्प राहिली, कारन तुमी त्या दिवशी लय रडले होते.

लोक घोड्यावर बसवून राहिले त्याइले. मामाजी, घोड्याले तर ते भेत होते! पाटलाची घोडी दिसली का बांधावरून उतरून जात. मले हसू येते अन् मंग रडू येते. खळ्यावर तो दगड हाय, तो माह्या ओयखीचा मानूस नाई.

तुमाले मशकीची लाज वाटते. मले सांगा, आपली मोट कायची हाय? चामड्याचीच ना? तिच्याच पान्यावर आपली भाजी पिकली, अन् ते भाजी पाटलापासून भटजीपरेंत साऱ्या गावानं खाल्ली. तवा कोनाची जात गेली नाई. ते माळ्याचं पोर. पानी देनं हेच त्याइले येत होतं. मिरचीले देलं, वांग्याले देलं, तिथं मानसं सुकून राहिले होते, तर मानसाले देलं. याच्यात लाज कायची? मले तर ऐकलं तवा वाटलं, हा माहा नवरा. तलवारवाला नाई, हा.

बेलभंडार मी उचलनार नाई. देवाच्या नावानं खोटं बोलनं मले जमत नाई. तुमी सर्वायनं मिळून उचलाले लावला तर उचलीन, पन मंग मी विहिरीचा काठ पाहीन, हे आत्ताच सांगून ठेवतो. धमकी नाई देत. मले सहन होत नाई, म्हनून सांगतो.

भाऊ, मामाजीनं सांगितलं, पन तो गोवर्धन कसा हाय मले मालूम नाई. वांगे लावते म्हनतो ना तू? बरं हाय.

मामाजी एकटे राहतीन याचं मले लय वाईट वाटते. त्याइले पोळी लाटता येत नाई. हेही लिवा.

शेषराव, तिने सांगितले तसे लिहिले. दोन ठिकाणी हात थांबला होता, तिने आतून ओळखले. शाई जिथे फुटली आहे ते माझे आहे. एक अक्षर बदलले नाही.

---

मौजे बोरखेडी
चैत्र शुद्ध पंचमी, सन १८६५

शेषराव,

मैनाच्या बोलण्यावरचे तुमचे पत्र आले, पण पाडवा होऊन जाईपर्यंत उत्तर लिहायची ताकद नव्हती.

मैनाचे बोलणे लिहून संपवले आणि तसाच उठून चावडीवर गेलो. भरदुपार होती, लोक पाडव्याच्या वर्गणीला जमलेच होते. मी उभ्यानेच सांगितले. मशक, पटकी, सगळे. पाटलांचा चेहरा पाहवेना. म्हणाले, "तुह्या पोरानं मशक उचलली, अन् तू आमाले त्याच्या पाया पडाले लावून राहिला होता?"

मी म्हणालो, "पाटील, माह्या मोटेच्या पान्यावरची वांगी तुमी जल्मभर खाल्ली. ते चालली ना? मंग त्याच चामड्यातून त्यानं मरत्या मानसाले पानी पाजलं, ते काहून नाई चालत?" एकेक उठून गेले. मला वाटले होते, कोणी एक तरी थांबेल. एकही थांबला नाही.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, चौथरा रिकामा राहिला. तेव्हापासून माझ्या घराशी कोणी बोलत नाही, विस्तव देत नाही. त्यातच अमरावतीच्या बाजारात पऱ्हाटीचा भाव पडू लागल्याची बोंब उठली. अमेरिकेतली लढाई आटोपत आली म्हणतात. गाव म्हणते, वीर कोपला. ज्याला वीर मानत नाहीत, त्याचा कोप मात्र मानतात.

पाथरवट आवराआवर करत होता, त्याला मी थांबवले. म्हटले, एवढी तलवार काढ. घोडा काही निघण्यासारखा नव्हता, तो राहिला. त्याने दिवसभर बसून तलवार छिनून काढली. आता नुसता हात वर आहे, मूठ पोकळ. शेषराव, पाणी मागायला वर केलेला हात असाच असतो.

चौघे मजूर गावाबाहेरून आणून दगड माझ्या मळ्यात, विहिरीजवळ, मोटेच्या पाटाशेजारी उभा केला आहे. इकडून पाणी मिरच्यांना जाते. पऱ्हाटी उपटून पुन्हा मिरच्याच लावतो आहे.

आता मुद्द्याचे. मैनाला न्यायला या. रात्री येऊ नका. मागच्या दाराने नको, तोंड झाकून नको. रीत काय आहे ते मला ठाऊक आहे, मीच तुम्हाला ऐकवली होती. तुम्ही दिवसा या, गावातून गाडी आणा, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधा. गोवर्धनालाही सोबत आणा. कोणाला तोंड पाहायचे नसेल तर त्याने आपले दार लावून घ्यावे. मी पुढच्या दारातून तिला हात धरून गाडीत बसवीन. मग घरात काय करीन ते मला माहीत नाही. त्याचा विचार करायला लागलो की हातातले काम गळते, म्हणून करत नाही.

काल ती दाराआड नव्हे, समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामाजी, मी गेल्यावर त्याइले पानी कोन देईन?"

मी म्हणालो, "बाई, मी माळी हावो."